सत्ताविसावं घर आवडलंय, पण एकाच भिंतीला नवा रंग आहे

खिडकीपाशी

नमस्कार. लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी आणि माझा नवरा गेले चौदा महिने घर शोधतोय. पहिलंच घर. दोघांची होती नव्हती ती शिल्लक घालायची आहे आणि वर वीस वर्षांचं कर्ज. आतापर्यंत सत्तावीस घरं पाहिली. सत्ताविसावं दोघांनाही आवडलं, असं पहिल्यांदाच झालं. आणि त्याच घरावरून चार दिवस आमचं धड बोलणं नाही.

आमच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. मी लग्नाआधी अकरा भाड्याच्या घरांत राहिले. आईचा एकच नियम असायचा, भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि पेन्सिल लावायची नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं असायचं. उंची मोजायची तर दाराच्या मागे कागद चिकटवून, आणि घर सोडताना तो कागद काढून. त्यामुळे मला घर म्हटलं की आधी ‘इथून आपल्याला कोणी उठवणार नाही’ एवढंच दिसतं. नवरा जन्मापासून एकाच घरात वाढला. त्या घराचं छप्पर गळायचं, आणि त्याचे बाबा जवळजवळ प्रत्येक सुट्टीला शिडीवर असायचे. त्यामुळे मी नवीन घरात शिरले की खिडकीपाशी जाते, आणि हा बाथरूमच्या फरशीचा उतार बघतो.

शोध सुरू केला तेव्हा त्यानं कुठेतरी ३७ टक्क्यांचा नियम वाचला होता. एकूण किती घरं बघणार ते ठरवायचं, त्यातली पहिली ३७ टक्के नुसती बघून सोडून द्यायची आणि मग आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा चांगलं असं जे पहिलं येईल ते घ्यायचं. आम्ही ४० धरली, म्हणजे पहिली १५ नुसती बघायची. नववं घर मला फार आवडलं होतं. पंधराच्या आतलं म्हणून सोडलं, महिन्याभरात विकलं गेलं. त्याचा नकाशा अजून माझ्या वहीत आहे.

आता हे सत्ताविसावं. दुसरा मजला, तीन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. काही महिने बंद आहे. तिसऱ्यांदा बघायला मी एकटीच गेले, टेप घेऊन. आईचं शिलाईमशीन मधल्या खोलीत बसतं का ते मोजायचं होतं. तिथं मालकांचं एक लाकडी कपाट आहे. टेप सरकवायला कपाटामागे हात घातला, तर भिंत गार लागली. बाकीच्या भिंती कोरड्या, कोमट, आणि ही मातीच्या माठासारखी. बोटं बाहेर काढली तर टोकांना पांढरी बारीक भुकटी, मिठासारखी. मग कपाट जरा ओढलं. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगे आलेले. नीट बघितल्यावर लक्षात आलं की अख्ख्या घरात या एकाच भिंतीचा रंग नवा आहे. कोपऱ्यात दोन रंग भेटतात तिथं छटेत अगदी उन्नीस-बीसचा फरक आहे, दिवा लावल्याशिवाय दिसत नाही. भिंतीपलीकडे बाथरूम आहे.

मालक म्हणतात, रंग जुना झाला होता म्हणून दिला. एजंट म्हणतो, शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, त्याआधी टोकन द्या. नवरा म्हणतो, ज्यानं एक भिंत झाकली त्यानं आणखी काय काय झाकलं असेल, सोडून दे. मी म्हणते, ओल दुरुस्त होते, अशी पूर्वेची खिडकी पुन्हा मिळायची नाही.

दोन प्रश्न आहेत. अशी ओल म्हणजे नक्की काय, आणि ती किती गंभीर हे टोकन द्यायच्या आधी कसं कळेल? दुसरं, तुमच्यापैकी ज्यांनी दोघांनी मिळून घर घेतलं, त्यांनी ‘हेच’ किंवा ‘हे नको’ असं कशावरून ठरवलं?

---

साइटवरचा

ताई, तीस वर्षं बांधकामावर काढली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो.

बोटाला लागली ती भुकटी म्हणजे लोणा. विटेत आणि सिमेंटमध्ये क्षार असतात. पाणी भिंतीतून बाहेर येतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे पाणी एकदाच सांडलेलं नाही, ते बरेच दिवस त्या भिंतीतून वाट काढतंय. नवा रंग देऊन काही थांबत नाही, उलट पाणी रंगाच्या मागे अडतं आणि फुगे धरतात. तुम्ही पाहिलं ते हेच.

आता पाणी येतंय कुठून. हे शोधल्याशिवाय ‘गंभीर’ की ‘किरकोळ’ असं काही म्हणता येत नाही. तळमजला असता तर जमिनीतून चढणारी ओल म्हटलं असतं, ती साधारण मीटरभर चढते. दुसऱ्या मजल्यावर तो प्रश्न येत नाही. तुमच्याकडे चार शक्यता राहतात: दाबाखालची पाण्याची पाइप, सांडपाण्याची पाइप, वरच्या घराचं बाथरूम, किंवा ती भिंत कुठे बाहेरच्या भिंतीला मिळत असेल तर पावसाचं पाणी.

इथं एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. घर बंद आहे. सांडपाण्याची पाइप गळत असती तर महिनोन्महिने वापर नसताना ती भिंत एव्हाना वाळायला लागली असती, हाताला इतकी गार लागली नसती. म्हणून माझा पहिला संशय दाबाखालच्या पाइपवर, दुसरा वरच्या घरावर.

तपासायला भिंत फोडावी लागत नाही. घरातले सगळे नळ घट्ट बंद करा, फ्लशची टाकी भरून थांबली आहे ना ते बघा, आणि पाण्याच्या मीटरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तासाभरानं पुन्हा फोटो. एकही नळ चालू नसताना काटा हलला, तर पाणी पाइपमधूनच जातंय. हलला नाही, तर बाथरूमचा जमिनीतला निचरा बोळ्यानं बंद करा, फरशीवर दोन बोटं पाणी साठवून चोवीस तास ठेवा आणि भिंतीवर नजर ठेवा. तेव्हाही फरक नाही, तर वरच्या मजल्यावर जाऊन त्यांची परवानगी घेऊन हेच करावं लागेल.

हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमूनही ओल दिसते. शंका असेल तर हातभर प्लास्टिक भिंतीला चारही कडांनी टेप लावून चिकटवा, दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला असले तर हवेतले, आतल्या अंगाला असले तर भिंतीतले. लोणा आहे म्हणजे तुमच्याकडे आतलेच निघतील असं वाटतं, तरी करा, फुकटची चाचणी आहे.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि त्यासाठी कपाट पूर्ण हलवून घ्या. त्या भिंतीलगत कॉंक्रीटचा खांब किंवा तुळई आहे का? असेल तर त्यावर किल्लीनं टकटक करत जा. आवाज एका जागी पोकळ आला, किंवा सळईच्या रेषेत चीर आणि तांबूस डाग दिसले, तर थांबा. लोखंड गंजलं की मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतं आणि आतून कॉंक्रीट फोडतं. गिलाव्याची ओल प्लंबर आणि गवंडी मिळून मिटवतील. गंजलेल्या सळईसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा, आणि तो मालकांनी सुचवलेला नको, तुम्ही स्वतः शोधलेला.

मालकांनी फसवलंच असेल असंही धरून चालू नका. घर विकायला काढलं की पुष्कळ जण डागावर रंग मारतात आणि डाग म्हणजे नुसता डागच समजतात. तपासू देतात का ते बघा. तासभर मीटर बघायलाही नाही म्हणाले तर तुमचे यजमान म्हणतात ते बरोबर.

---

हिशेबी

३७ टक्क्यांचा नियम वाचून राहवलं नाही. गणित खरं आहे, मार्टिन गार्डनरनं १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात हे कोडं मांडलं, तेव्हापासून ते प्रसिद्ध आहे. पण त्यात फक्त सगळ्यांत उत्तम निवड झाली तरच जिंकलं, दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं तरी शून्य. तसं करूनही जिंकायची शक्यता सुमारे ३७ टक्केच. घराच्या बाबतीत दुसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाचं घरही माणसाला वीस वर्षं सुखात ठेवतं. नववं घर गेलं त्याची हळहळ मनातून काढून टाका, तुम्ही चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर वापरलंत.

माझं क्षेत्र कर्जाचं, म्हणून तुम्ही न विचारलेलं एक सांगतो. ‘वीस वर्षांचं कर्ज’ असं तुम्ही एका दमात लिहून गेलात. कर्ज १०० धरा, दर समजा ८ टक्के. वीस वर्षांत तुम्ही जवळपास २०० फेडता. पहिल्या हप्त्यातला साधारण ८० टक्के भाग व्याजाचा असतो. मुद्दल निम्मं व्हायला दहा वर्षं नाही, साडेतेरा वर्षांच्या वर लागतात. आणि दर बदलता असेल, सुरुवातीलाच तो ८ वरून ९ झाला आणि तुम्ही हप्ता तोच ठेवलात, तर वीस वर्षांची मुदत पंचवीस वर्षं चार महिन्यांवर जाते. हप्ता तेवढाच दिसतो म्हणून कित्येकांना हे कळतच नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. दर वर्षी बारा ऐवजी तेरा हप्त्यांएवढे पैसे भरलेत तर त्याच ८ टक्क्यांना तीन वर्षांहून जास्त आधी मोकळे होता. म्हणून सगळी शिल्लक घरात घालू नका. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहतील अशीच रक्कम उचला. ज्या घरासाठी ते सहा महिनेही मोडावे लागतात ते घर आपल्या ऐपतीबाहेरचं समजा, खिडकी कुठल्याही दिशेची असो.

आणि बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे घर चांगलं, असं नसतं. बँकेचा माणूस बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघायला येतो. तो तुमच्या कपाटामागे हात घालणार नाही. कागदपत्रांचंही तेच. आधीच्या मालकापासून आताच्या मालकापर्यंतची साखळी, घरावर कुणाचं कर्ज आहे का, वारसांच्या सह्या आहेत का, हे बघायला स्वतःचा वकील लावा.

---

पहाटवारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात आम्ही चुकलो होतो.

आम्ही आमचं घर तीनदा पाहिलं होतं. तिन्ही वेळा रविवारी सकाळी, कारण सुट्टी तेव्हाच. राहायला गेलो त्या पहिल्या सोमवारी रात्री अकराला मागच्या बाजूला माल उतरवायला ट्रक लागले, ते दोनपर्यंत. रोज. मला कामावरून आल्यावर झोप लागायची नाही आणि मी नवऱ्यावर चिडायची, कारण घर त्यानं पसंत केलं होतं. खरं तर मीही ‘हो’ म्हटलं होतं, पण ते मला आठवायचंच नाही.

दोन वर्षांनी ते विकलं. दुसरं घेताना आम्ही एक केलं. आवडलेल्या घराबद्दल काय चांगलं, काय वाईट याची यादी केली नाही. तशी यादी केली की दोघंही आपापली बाजू मांडत बसतात. त्याऐवजी वेगवेगळ्या खोलीत बसून दोघांनी एकेक ओळ लिहिली: ‘हे घर घेतलं तर मला कशाची भीती वाटते’ आणि ‘हे घर सोडलं तर मला कशाची भीती वाटते’. मग कागद बदलले आणि एकमेकांचा वाचला, दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. माझ्या नवऱ्यानं लिहिलं होतं, ‘पुन्हा माझी निवड चुकली तर ती माझ्याशी बोलणं सोडेल.’ दोन वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

तुमची भांडणं भिंतीवरून चाललेली नाहीत असं मला वाटतं. आणि शनिवारच्या गिऱ्हाइकाचं म्हणाल तर ते असेलही. दुसऱ्याच्या घाईनं घेतलेलं घर नंतर आपल्यालाच सांभाळावं लागतं. रात्री अकराला एकदा जाऊन या.

---

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी टोकन दिलं नाही. मालकांना आठवडाभर तपासू द्या म्हटलं, ते जरा नाराज झाले पण किल्ली दिली. मीटरचा पहिला फोटो आत्ताच काढलाय. नवरा जिन्यात बसलाय, घड्याळ हातात घेऊन. आम्ही आज इतक्या दिवसांनी एकत्र आलो आहोत.

---

खिडकीपाशी

तीन महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

मीटर हलला होता. तासाभरात थोडासाच, पण हलला. साइटवरच्या काकांचा अंदाज बरोबर निघाला. बाथरूमची एक टाइल काढली, आत गरम पाण्याच्या पाइपचा सांधा घामेजल्यासारखा पाझरत होता. धार नव्हती, थेंबही मोजून पडत नव्हता, नुसतं पितळ सतत ओलं. एवढ्याशा ओलीनं अर्धी भिंत भिजली होती. शेजारच्या खांबावर टकटक करायला आम्ही आपला इंजिनिअर नेला. आवाज भरीव आला, तांबूस डाग नाहीत, सळई शाबूत आहे असं त्यांनी लेखी दिलं. मालकांनी सांधा स्वतःच्या खर्चानं बदलून दिला आणि गिलाव्याचा खर्च किमतीतून कमी केला. दोन्ही गोष्टी करारात लिहून घेतल्या. ते खरंच डागालाच डाग समजत होते, सांधा बघून तेही गप्प झाले.

रात्री अकराला जाऊन आलो. एक कुत्रं भुंकत होतं, बाकी शांत. सकाळी सातलाही गेलो. खिडकीतून ऊन ओट्यावर आणि तिथून जमिनीवर येत होतं.

हिशेबींच्या आकड्यांवर एक आख्खी संध्याकाळ गेली. ९ टक्क्यांचं कोष्टक बघून मी आधी नाहीच म्हटलं. मग फर्निचरचा विचार सोडला, सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवले आणि कर्ज थोडं कमी घेतलं. मधल्या खोलीत सध्या शिलाईमशीन आणि एक गादी आहे.

पहाटवारा, कागदाचं केलं. यानं लिहिलं होतं, ‘मी बाबांसारखा शिडीवर म्हातारा होईन.’ मी लिहिलं होतं, ‘हे गेलं तर आपण शोधणंच सोडून देऊ आणि मी आईसारखी सुतळी शोधत बसेन.’ दहा मिनिटं गप्प बसायचं होतं, आम्ही तासभर बसलो. नंतर ठरलं की घराची दुरुस्ती एकट्या त्याची नाही. प्लंबरला फोन करणं, मीटर बघणं, गच्चीवर जाणं, सगळं आलटून पालटून. गेल्या महिन्यात शिडीवर मी होते.

भिंत अजून रंगवलेली नाही. फुगलेला गिलावा काढून टाकला, आतली वीट उघडी आहे. गवंड्यानं सांगितलं की वीट आतून वाळायला महिने लागतात, घाई केलीत तर पुन्हा फुगे येतील. ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख टाका, म्हणजे सरकतेय का ते कळेल, असं त्यानंच सुचवलं. पेन्सिल माझ्याच हातात होती. मी भिंतीपाशी बराच वेळ नुसती उभी होते. नवऱ्यानं विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, आणि रेघ ओढली.

आता तिथं आठ रेघा आहेत, एकात एक, प्रत्येकीशेजारी तारीख. काल आठवी मारली. पहिल्या रेघेपासून ओल एक वीत खाली आली आहे. काका, आणखी किती दिवस थांबू?